आमची वाटचाल : आधी नकाशा, मग सोल्डरिंग

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून या गावाचं पोट मागावर आहे. साध्या मागाला चांगला जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) आणि नट-बोल्टचे चार पाने पुरतात. पुढे परदेशातून सेकंडहँड रेपियर आणि प्रोजेक्टाइल माग (धोट्याशिवाय आडवा धागा नेणारे वेगवान माग) येऊ लागले, आणि मागाबरोबर इलेक्ट्रॉनिक बोर्ड आले. मागाचं लोखंड ठणठणीत असायचं, बोर्ड मात्र बनवणाऱ्यांनी केव्हाच बंद केलेला. "दादा, बोर्ड मिळंना झालाय. माग भंगारात घालू काय?" असं विचारत कारखानदार येऊ लागले, तेव्हा २००६ साली आम्ही नवरा-बायकोने घराच्या पुढच्या खोलीत बोर्ड दुरुस्तीचं टेबल मांडलं.

हातात ना सर्किट डायग्राम, ना सर्व्हिस मॅन्युअल. म्हणून पहिल्यापासून एक शिस्त ठेवली : आधी बोर्डाचा नकाशा, म्हणजे कोणता पार्ट कशाला जोडला आहे याचं चित्र, हाताने काढायचा, मगच सोल्डरिंग आयर्न तापवायची. संशय आला तो पार्ट बदलून बघण्याची पद्धत आम्हाला मान्य नाही. तसा बोर्ड कधी चालू होतोही, पण तो बंद का पडला हे कळत नाही आणि थोड्याच दिवसांत तो परत दारात येतो.

आमच्याकडे येणाऱ्या बोर्डावर कापसाची लव आणि सायझिंगच्या, म्हणजे सुताला लावायच्या, खळीची भुकटी चिकटलेली असते. ती आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुऊन दोन्ही बाजू स्कॅन करतो. त्यासाठी आरसे-भिंगातून बघणारा जुना जाडजूड सीसीडी स्कॅनर जपून ठेवला आहे. नवे पातळ स्कॅनर फक्त काचेला टेकलेलं स्पष्ट दाखवतात, काचेपासून वर राहिलेले ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, धूसर येतात. मागच्या बाजूचं चित्र उलटवून पुढच्या बाजूच्या चित्रावर ठेवलं आणि भोकाला भोक जुळलं, की काम सुरू.

सगळ्यात आधी ग्राउंड, काळ्या रंगात. ७४ सीरिजच्या (साध्या लॉजिक चिपच्या) बहुतेक चौदा पिनी आयसीत सात नंबरला ग्राउंड आणि चौदाला पाच व्होल्ट. एलएम३२४ या अॅम्प्लिफायर आयसीत ग्राउंड अकरा नंबरला आणि सप्लाय चारला. ग्राउंड आणि सप्लाय दोन वेगळ्या रंगांत रंगवून झाले की उरतात ते खरे सिग्नल. मग मल्टिमीटर बझरवर (जोड सापडला की वाजतो त्या सेटिंगवर) लावून एकेक पिन तपासायची. पण निव्वळ बझरवर विश्वास ठेवायचा नाही, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. बहुतेक मीटर थोड्या ओहमच्या रोधालाही वाजतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग किंवा कमी ओहमचा रेझिस्टर मध्ये असला तरी आवाज येतो. आकडाही बघायचा. दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवल्यावर जो येतो तोच आला, तरच तो एक ट्रॅक. आतले थर असलेल्या बोर्डावर एका प्रोबला तांब्याच्या बारीक तारांचा कुंचला बांधतो आणि बोर्डावरून फिरवतो. जिथे वाजेल तिथे थांबून नेमकी पिन शोधायची.

एका डॉबी कंट्रोलरची (कापडावर नक्षी उमटावी म्हणून उभे धागे उचलणाऱ्या यंत्रणेच्या बोर्डाची) आठवण सांगतो. निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तिच्या खालचे ट्रॅक हिरवे-निळे होऊन खाऊन गेले होते. २७सी२५६ ईप्रॉमच्या (प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरी चिपच्या) पंधरा अॅड्रेस लाइनपैकी, म्हणजे मेमरीतली जागा सांगणाऱ्या तारांपैकी, चौदा जुळल्या, तेवीस नंबरची पिन, म्हणजे ए११, कुठेच लागेना. प्रोसेसर ८०८५. त्याच्या खालच्या आठ अॅड्रेस लाइन ७४एलएस३७३ या लॅचमधून (सिग्नल धरून ठेवणाऱ्या चिपमधून) येतात, वरच्या आठ थेट निघतात. ए११ वरच्या आठांतली, म्हणजे प्रोसेसरची चोवीस नंबरची पिन. तिथे भिंगाखाली पाहिलं तर जेमतेम मिलिमीटरभर तांबं उरलेलं, पुढे काही नाही. तिथून बारीक वायर टाकली आणि बोर्ड बोलू लागला. तांबं संपतं तिथे पुढची दिशा डोक्याने काढावी लागते, आणि मला या कामातला हाच भाग सर्वांत प्रिय आहे.

जुन्या बोर्डांवर ट्रॅक वळणदार असतात. कुणीतरी पारदर्शक फिल्मवर काळी चिकटपट्टी हाताने लावून, दुप्पट आकारात ते आखलेले. त्या अनोळखी माणसाचा हात बोर्डागणिक ओळखू येतो. त्याने आखलेलं मी पुन्हा काढतो, तेव्हा त्याच्याबद्दल आदर वाटतो.

सुरुवातीचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर, रंगीत पेन्सिलींनी काढलेले आहेत. आता शेवटचं रेखाटन किकॅड या सर्किट आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ-पियेर शारास यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, म्हणून आमच्यासारख्यांना ते परवडलं. कपाटातले नकाशे हीच आमची खरी पुंजी. तोच बोर्ड दुसऱ्यांदा आला की काम अर्ध्याहून हलकं होतं, आणि नकाशाची एक प्रत कारखानदाराला देतो. माग त्याचा, तर माहितीही त्याची.

एक गोष्ट मात्र करत नाही. सध्या बाजारात विकला जाणारा बोर्ड हुबेहूब बनवून द्या, असं कुणी सांगितलं तर नकार देतो. दुसऱ्याच्या मेहनतीवर आपलं नाव छापणं हा आमचा धंदा नाही.

नव्या मागांवर कुलूपबंद मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम पोटातच असलेल्या चिप) असतात, आतला प्रोग्राम वाचता येत नाही. तिथे आम्ही भोवतालच्या सेन्सरचा आणि आउटपुटचा नकाशा काढतो, चालू माग मिळाला तर सिग्नल मोजतो आणि जमलं तर नवा कंट्रोलर लिहितो. जमणार नसेल तर पैसे घेण्याआधीच सांगतो.

बोर्ड पाठवताना आहे तसाच पाठवा. जळलेला पार्ट उपटून टाकू नका. रेझिस्टरवरचा एक रंगीत पट्टा किंवा आयसीवरचे दोन अंक शिल्लक असले, तरी आम्हाला धागा सापडतो.