दिवे मंद झाले की बास गुणगुणायचा

वडशाला माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळी ते होळी हा झाडीपट्टीतला, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातला, नाटकांचा सीझन. या दिवसांत दुकानात टीव्ही-पंखे मागे पडतात आणि नाटक कंपन्यांचे अँप्लिफायर, ऑर्गन, ऑक्टोपॅड पुढे येतात. रात्री नाटक असतं, म्हणून काम दुपारीच हातावेगळं करून द्यावं लागतं.

जानेवारीत एका कंपनीचा बास वाजवणारा पोरगा असाच दुपारी आला. कंपनीनं यंदा पहिल्यांदाच बास गिटार घेतली होती, तीही जुनी. दोन पिकअप, म्हणजे तारांचा सूर पकडणाऱ्या कॉइल, चार तारा, फेंडर कंपनीच्या जॅझ बासच्या घाटाची स्वस्त नक्कल. "काका, सारखा घूं करून रायला. मालक म्हणते, आवाज बंद कर नाईतर गिटार बंद कर."

मी मागची पट्टी खोलली. तारा जिथं टेकतात त्या ब्रिजखाली जी बारीक तार दाबलेली असते, तारांना अर्थ म्हणजे अर्थिंग देणारी, ती पॉटपाशी, आवाजाच्या नॉबखाली, तुटलेली होती. बास वाजवणाऱ्याचं अंग म्हणजे एक अँटेनाच. आजूबाजूच्या वायरींतून येणारी खरखर ते गोळा करतं आणि पिकअपशेजारी आणून ठेवतं. तारांमार्गे अंगाला अर्थिंग मिळालं की ती खरखर खाली बसते. म्हणून माझी पहिली परीक्षा हीच, की हात तारांवर ठेवला की आवाज कमी होतो का. इथं काहीच फरक पडत नव्हता. मी तार जोडली, आतल्या उघड्या लाकडाला तांब्याची टेप लावली, टेपच्या प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका दिला आणि ती टेपही अर्थला जोडली. माझ्या दुकानातल्या अँपवर लावून पाहिलं, एकदम शांत. पोरगा खूश होऊन गेला.

रात्री साडेदहाला फोन. "काका, दुकानात त साफ होता. इथं पुन्हा सुरू झाला जी."

गाव वैनगंगेच्या पलीकडे, ब्रह्मपुरीच्या बाजूला. थंडी मरणाची होती, पण मी बॅग उचलली. काम माझ्या हातचं होतं आणि ते त्याच रात्री फसलं होतं, घरी झोप लागलीच नसती.

पोचलो तेव्हा दुसरा अंक सुरू होता. मंडप गच्च, बायाबापड्या शाली पांघरून बसलेल्या. रंगमंचापुढे वादकांची जागा. ऑर्गनवाले, तबलजी, पॅडवाला, आणि अगदी कोपऱ्यात, लाईटवाल्याच्या डिमरच्या पेटीला पाठ लावून आमचा बासवाला. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि नुसता ऐकत राहिलो.

आवाज होता, पण सारखा नव्हता. रंगमंचावर लख्ख उजेड असला की जाड, मऊ गुणगुण. आईचा रडण्याचा प्रसंग आला, लाईटवाल्यानं दिवे अर्ध्यावर आणले, आणि बासच्या स्पीकरमधून अशी करवतीसारखी खरखर निघाली की पुढच्या रांगेतल्या बाया वळून पाहायला लागल्या. दिवे पूर्ण विझले तेव्हा ती गेली. पुढच्या हळव्या प्रसंगाला पुन्हा तेच. लोक डोळे पुसणार तेवढ्यात बास करकरायचा. मालक का वैतागला होता ते मला तेव्हा कळलं.

हे काम डिमरचं. डिमर दिव्याची वीज कमी करतो म्हणजे विजेची प्रत्येक अर्धी लाट मध्येच तोडून उरलेला तुकडा दिव्याला देतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे असं तोडणं सेकंदाला 100 वेळा. दिवा अर्ध्यावर असतो तेव्हा ही तोड नेमकी लाटेच्या माथ्यावर पडते, आणि झटका सगळ्यात तीव्र असतो. पिकअपची एक कॉइल म्हणजे केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की तिच्या चुंबकीय बदलातून सूर पकडायचा, हे तिचं काम. पण शेजारच्या डिमरचं, ट्रान्सफॉर्मरचं बदलतं चुंबकीय क्षेत्रही ती तितक्याच इमानानं पकडते. माझी तांब्याची टेप इथं निरुपयोगी. ती विद्युत क्षेत्राची खरखर अडवते. 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र पातळ तांब्यातून आरपार जातं. दुकानात डिमर नव्हता, म्हणून दुकानात बास साफ होता. त्याचा अँप आणि त्याची वायर मागवून घ्यायला हवी होती, ते मी केलं नाही. चूक माझीच.

खात्री मात्र करायला हवी होती, कारण गुणगुण अँपच्या आतूनही येऊ शकते. मी पोराला म्हटलं, "जाड तारेवर तिसरा पडदा दाबून धर." पडदा म्हणजे गळ्यावरची आडवी पट्टी. तिथं G हा सूर लागतो, 49 हर्ट्झचा. गुणगुण त्याच्या अगदी शेजारची, त्यामुळे दोन्ही एकत्र वाजले की घुंम... घुंम... अशा लाटा उठतात, आणि लाटांच्या वेगावरून फरक किती ते कानाला कळतं. दिवे आणि माईकचा मिक्सर जनरेटरवर होते, बासचा अँप मात्र गावच्या लाईनवर, कारण जनरेटरचा बोर्ड भरला होता. रंगमंचावरचे मोठे दिवे एकदम लागले, जनरेटर दबला, आणि बासमधल्या लाटा संथ झाल्या. गुणगुणीचा सूर जनरेटरबरोबर खाली उतरला होता. अँप गावच्या लाईनवर, मग त्याची गुणगुण जनरेटरच्या तालावर कशी नाचेल? म्हणजे आवाज पिकअपमधूनच शिरत होता. ऑर्गनवाले काका मघापासून कान देऊन होते. म्हणाले, "मी त मघाच म्हटलो, हा सूर खालीवर होऊन रायला."

मी पोराला बसल्या जागी हळूहळू फिरायला लावलं. बास डिमरला आडवी झाली तेव्हा आवाज जवळजवळ गेला, आणखी फिरवली की परत आला. आता फक्त त्याची जागा बदलायची होती.

तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या माईकवर गेलं. हा पोरगा कोरसमध्ये गायचाही. माईकवर लाल फोम, त्यावर रुमालाची घडी, त्यावर रबर.

"हे काहून बांधलं?"

"ओठ लागला का झिणझिण करते जी. करंट मारते थोडासा."

मी त्याला तारांवरून हात काढायला सांगितला आणि अँपचा प्लग उपसला. प्लगची जाड पिन, अर्थची, पकडीनं कापलेली होती. कापल्याची जागा चकचकीत, ताजी. हंगामाच्या सुरुवातीला कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, ही पिन काढली की हम, म्हणजे गुणगुण, जाते. आणि ती गेलीही होती. अँपची अर्थ गावच्या लाईनची, मिक्सरची जनरेटरची, आणि तेव्हा दोघांना जोडणारी एक ऑडिओ वायर होती, आता ती नव्हती. असा फेरा झाला की दोन अर्थमधला फरक ऑडिओ वायरीतून वाहतो आणि स्पीकरमध्ये ऐकू येतो. पिन कापली की फेरा तुटतो. पण त्या दिवसापासून अँपच्या आत काही बिघडलं तर ती वीज जायला एकच वाट उरते. अँपच्या पत्र्यातून वायरीत, वायरीतून बासच्या तारांत, तारांतून पोराच्या बोटांत, आणि ओठांतून अर्थ असलेल्या माईकमध्ये. ब्रिजची तार तुटलेली होती तोवर ही वाट निदान अर्धवट तरी बंद होती. त्या दुपारी ती तार मी जोडून दिली होती.

मध्यंतरात मीटर लावला. प्लग पुन्हा घातला, कुणाला हात लावू दिला नाही, आणि बासचा ब्रिज आणि माईकची जाळी यांच्यामध्ये मोजलं. 108 व्होल्ट. एवढ्यानं घाबरायचं कारण नसतं. अर्थ नसलेल्या पुष्कळ उपकरणांच्या पत्र्यावर मीटर असं दाखवतो, पण त्यामागे ताकद नसते. म्हणून मी बॅगेतला 15 वॅटचा बल्ब काढला आणि अँपचा पत्रा ते मिक्सरचा पत्रा असा लावला. नुसती पोकळ गळती असती तर बल्ब काळाच राहिला असता. बल्बची तार लाल झाली. मंद, विडीच्या टोकासारखी, पण झाली. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलेलं होतं.

माझे हात गार पडले. पोराच्या आईचा विचार आधी मनात आला, खरं सांगतो. मालकाला बोलावून तो बल्ब दाखवला. पैशांवरून तो कधी ऐकून घेत नाही, त्या रात्री एका शब्दानं वाद घातला नाही. अँप उचलून गाडीत टाकला गेला.

मग बास थेट मिक्सरला. माझ्या बॅगेत ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स असतो, वाद्य थेट मिक्सरला जोडायची छोटी पेटी. फेऱ्याची हम तोडायची जागा ती आहे, त्याच्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं आणि ते फक्त ऑडिओची अर्थ सोडतं, विजेच्या अर्थला हात लावत नाही. मिक्सरच्या बोर्डाला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, जोडला. पोराची खुर्ची डिमरपासून चार पावलं दूर, तबलजीच्या पलीकडे. बासची वायर दिव्यांच्या वायरींना समांतर पडलेली होती, ती उचलून काटकोनात ओलांडवली. तिसऱ्या अंकात दिवे अर्ध्यावर आले तेव्हा मी डोळे मिटून ऐकत होतो. बासमध्ये एक पुसट सुस्कारा होता, एवढाच. पोरानं माईकवरचा रुमाल सोडला होता.

पहाटे नाटक सुटल्यावर तो माझ्याबरोबरच दुकानात आला. एक गोष्ट मला खटकत होती. दोन सिंगल कॉइलच्या बासमध्ये दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की हम आपोआप कापली जायला हवी, कारण एका पिकअपचे वेढे आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट असतात. सूर दोघांचा मिळतो, हम एकमेकींना खाते. त्याच्या बासमध्ये दोन्ही उघडले की हम वाढत होती. एका छोट्या चुंबकाची एकच बाजू दोन्ही पिकअपच्या डोक्यांजवळ नेऊन पाहिली, दोन्हींनी ती ओढून घेतली. म्हणजे दोघांची दिशा एकच. पिकअप स्वस्तातले, खाली चिकटवलेली सिरॅमिकची पट्टी. ती गरम हवेनं सोडवली, उलटी केली, परत चिकटवली, आणि त्याच पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले. टेबलावरचा ट्रान्सफॉर्मर मुद्दाम जवळ सरकवला. हम नव्हती.

"मागचा एकटा उघडला का येते, काका."

"येणारच. एकटी कॉइल आहे ती."

मग त्याला सांगितलं, फेंडरचा पहिला प्रिसिजन बास 1951 चा, एकाच कॉइलचा, आणि त्याला हाच त्रास. 1957 मध्ये त्यांनी तीच कॉइल दोन तुकड्यांत वाटली, एक तुकडा दोन तारांखाली, दुसरा उरलेल्या दोन तारांखाली, एकमेकांच्या उलट, आणि हम गेली. तुझ्या बासच्या घाटाचा जॅझ बास 1960 चा, त्यात दोन पिकअप उघडे ठेवूनच ते साधतं. म्हणून दोन्ही सारखे ठेव.

"दोन तुकड्यांचा पिकअप याच्यात बसंन का?"

"लाकूड कोरावं लागेल."

"होळीनंतर आणतो मग, सीझन संपला का," म्हणाला, आणि चहा संपवून वडशाच्या स्टँडकडे झोपायला गेला. कंपनीची गाडी दुपारी एकला निघणार होती, पुढच्या गावाला.