डोळा शांत व्हायची वाट न बघता

पोस्टीरियर युव्हायटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या भागात सूज असलेल्या पेशंटला आमचं पालुपद ठरलेलं: डोळा निदान तीन महिने शांत राहू दे, मग ऑपरेशनचं बघू. मोतीबिंदू असो की पडद्यावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या रेटिनावर चढलेला पापुद्रा, सुजलेल्या डोळ्यात हात घातला की सूज आणखी भडकते.

त्या दिवशीच्या टेम्पोचालकाकडे तेवढा वेळच नव्हता. कांजिण्या आणि नागीण ज्याच्यामुळे होते, त्याच विषाणूने त्याचा पडदा कडेकडेने कुजवला होता. अक्यूट रेटिनल नेक्रोसिस. असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या इंजेक्शनांनी संसर्ग आवरला, पण मेलेल्या भागाची तोवर चाळणी झाली आणि पडदा मागच्या भिंतीपासून सुटला. या आजारात निम्म्याच्या आसपास डोळ्यांची ही गत होते.

थिएटरबाहेर आईने गाठलं. "सायेब, दिसंल ना त्याला?"

"मावशी, आधी डोळा वाचवू. नजर किती येईल ते आत्ता नाही सांगता येत."

बुबुळाच्या कडेपासून चार मिलिमीटरवर तीन बारीक छिद्रं घेऊन व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या पोकळीतलं जेल काढायचं ऑपरेशन, सुरू केलं. खरी कसोटी हे जेल पडद्यापासून सोडवताना. तरुण डोळ्यात ते पडद्याला घट्ट चिकटलेलं असतं आणि पारदर्शक, त्यामुळे दिसतही नाही. ट्रायमसिनोलोन हे पांढऱ्या कणांचं औषध आत सोडलं, कण जेलवर बसले, तेव्हा कुठे कळलं की जेल अजून जागेवरच आहे. ऑप्टिक नर्व्हपाशी ओढून उचललं. मधला पडदा टिकला. कडेचा मात्र नुसता हात लागताच फाटत होता. तिथे जेल हट्टाने सोलत बसायचं नाही, छाटून आखूड करायचं आणि पुढे जायचं. नवख्या सर्जनला सोलत बसायचा मोह आवरत नाही.

जड द्रवाने पडदा बसवला, चांगल्या पडद्याच्या सीमेवर लेझरच्या रांगा मारल्या आणि शेवटी पडदा जागेवर दाबून ठेवायला सिलिकॉन ऑइल भरलं. गॅस महिना-दोन महिन्यांत विरतो. इतक्या भोकांना तो पुरला नसता.

काही आठवड्यांनी पडदा बसलेला, नजर हाताची बोटं मोजण्याइतपत. तेल पुढे काढायचंय, मोतीबिंदूही होणार. पण त्या दिवशी मी त्याच्यावर चिडलो ते वेगळ्याच कारणाने. "ऑपरेशन झालं की" म्हणून पठ्ठ्याने व्हॅलासायक्लोव्हिर, म्हणजे विषाणूविरोधी गोळ्या, बंद केल्या होत्या. दुसरा डोळा अजून धडधाकट आहे. त्या गोळ्या मुख्यतः त्याच्यासाठीच होत्या. आईसमोर नवी चिठ्ठी लिहिली आणि गोळ्यांचा हिशेब तिच्याकडे दिला.