नोंद सहावी: स्नेअर जमला, नगारा अडला

मागच्या नोंदीत फुशारकी मारली होती की चवथीच्या आत माझ्या इंडस्ट्रियल संगीताचा (यंत्रांच्या, पत्र्यांच्या आवाजांतून केलेल्या) चौथा ट्रॅक हातावेगळा करतो. चवथ झाली, गणपती पोचवले, माटोळीची (गणपतीच्या वर टांगलेली) फळं वाटून संपली आणि ट्रॅक आहे तिथेच आहे. या खेपेला घोडं जिथे अडलंय ते कुठल्याही प्लगिनने, म्हणजे आवाज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने, सुटणारं नाही. म्हणून आधी सुटलेल्या गोष्टी सांगून घेतो.

स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक ठोका, जमला. बाबांच्या टिपरचा (खाणीच्या ट्रकचा) जुना फाळका, म्हणजे मागचं पत्र्याचं दार, आमच्या दारातल्या गटारावर पूल म्हणून टाकलेला आहे. त्यावरून स्कूटर गेली की सगळ्या वाड्याला कळतं, घरी कोण आलं ते. तीन महिने मी स्नेअरसाठी सॅम्पल पॅक (तयार आवाजांचे संच) धुंडाळत होतो आणि रोज रात्री शिफ्टवरून येताना त्याच स्नेअरवरून गाडी घालत होतो! पण जागेवर ठोकून बघितला तर आवाज मेलेला, कारण चारी कडा दगडावर टेकलेल्या. टायरचे दोन तुकडे खाली सरकवले तेव्हा पत्रा मोकळा झाला आणि तीन-साडेतीन सेकंद घुमायला लागला. लाकडी मोगरीने खर्ज मिळतो, लोखंडी हातोड्याने नुसता कलकलाट. शेवटी मोगरीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, तो आवाज ठेवला. मग कॉम्प्युटरवर सूर पाच सेमीटोन खाली, शेपूट कापणारं गेट घट्ट, आणि आवाज फाडणारं डिस्टॉर्शन वेगळ्या चॅनलवर घेऊन बेताने मिसळलेलं.

पत्र्याची थरथर पकडायला चिकटवायच्या पिझो चकतीचा आवाज बारीक का येतो, असं दोघांनी विचारलं होतं. माझीही तीच चूक झाली होती. २७ मिलिमीटरची चकती थेट लाइन इनपुटला लावली तर आवाज पत्र्याच्या डब्यातल्या डासासारखा येतो. चकती म्हणजे मुळात एक कपॅसिटर, साधारण २० नॅनोफॅरडचा. समोर १० किलोओमचं इनपुट असलं की ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळायला लागतं. तीच चकती इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला जोडायच्या रेकॉर्डिंगच्या डब्याच्या) गिटारच्या इनपुटला, म्हणजे एक मेगाओमला लावा, गळती ८ हर्ट्झवर जाते. नवं काही विकत घ्यायला नको, बटण दाबायचं फक्त. मी ते बटण दोन महिने दाबलं नव्हतं.

ट्रॅकमधले खालचे सूर घुमटाचे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: मातीचं भांडं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत राहायचं. म्हणजे चालता-बोलता फिल्टरच, नॉब मनगटात. पूर्वी घोरपडीचं कातडं असे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते बंद, आता बकऱ्याचं. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, पण पावसात कातडं सैल पडतं ते पडतंच. वाजवणारे ते शेकून घेतात. मी न शेकता रेकॉर्ड केलं. सात मिनिटांत सूर जो हळूहळू बसत गेलाय, तो मला सॉफ्टवेअरच्या ऑटोमेशनने कधी जमला नसता.

आता नगारा.

आमच्या गावच्या देवळात (गाव डिचोली तालुक्यातलं, नाव राहू दे) आरतीला विजेवर चालणारा नगारा आहे. तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेलच: लोखंडी चौकट, एक मोटर, एक दांडा, दांड्यावर कॅम (एका बाजूला उंचवटा असलेली चकती). कॅम फिरला की टिपरी उचलली जाते, सुटली की स्प्रिंग तिला नगाऱ्यावर आपटते. त्याच दांड्यावर घंटा आणि झांजा. आरतीला माणसं जमेनात म्हणून समितीने आणला. गोवा म्हटलं की लोक मला ट्रान्सबद्दल, त्या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताबद्दल, विचारतात. मी करतो ते इंडस्ट्रियल. १९७६ साली लंडनमध्ये थ्रॉबिंग ग्रिसल या बँडवाल्यांनी आपल्या रेकॉर्ड लेबलचं नाव इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ठेवलं आणि या संगीताला नाव मिळालं, हे मला विसाव्या वर्षी कळलं. त्याआधी दहा वर्षं मी रोज संध्याकाळी हात जोडून तेच ऐकत होतो.

मे महिन्यात त्याचा पट्टा तुटला. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत फिटर, तेव्हा समितीने मलाच बोलावलं. उघडून बघतो तर एक कॅम झिजलेला. त्यामुळे दर चौथी टिपरी किंचित उशिरा पडायची. त्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की लय मिनिटाला ११२ ठोक्यांवरून १०५ पर्यंत घसरायची. असं लंगडणं सॉफ्टवेअरच्या आखीव ग्रिडवर बसवून दाखवा कुणी! पट्टा बदलला आणि कॅमला हात लावण्याआधी चाळीस मिनिटं रेकॉर्ड करून घेतलं. मग कॅमही बदलला. आता यंत्र शहाण्यासारखं वाजतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, फक्त बाबा म्हणाले, ‘आता तो लंगडत नाही.’

चौथा ट्रॅक म्हणजे ती चाळीस मिनिटं. बाकी सगळं त्याच्याभोवती.

इथे थोडं घरचं सांगावं लागेल. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा बाबांच्या टिपरचे हप्ते चालू होते. बाबांनी देवाला कौल लावला. गोव्याबाहेर हे फारसं माहीत नसावं: मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी शेजारी उभा होतो. पाकळी उजवी पडली. आणि खरंच, २०१५ मध्ये ट्रक पुन्हा रस्त्यावर आला. बाबांनी नवस फेडला. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, मार्चच्या मध्यात सगळं थांबलं, आणि वर्षभरात टिपर विकला. मी चिडून बाबांना विचारलं, आता काय म्हणतो तुमचा कौल? ते शांतपणे म्हणाले, ‘खाणी उघडतील का एवढंच मी विचारलं होतं. किती दिवस, ते विचारलं नव्हतं.’

त्या उत्तरावर मी अजून अडकलेलो आहे. राग आला असता तर सोपं होतं, सरळ नास्तिक झालो असतो. तसं धड झालो नाही. आरतीत घुमट मीच धरतो. तोंडाने शब्द म्हणतो, आत काही हलत नाही, पण डावा तळवा वेळेवर उघडतो. खोटेपणा वाटायचा. मग त्या यंत्राकडे बघितलं. त्यालाही श्रद्धा नाही, आणि त्याला कुणी ढोंगी म्हणत नाही. देवाची आरती रोज पुरी होते. आपणही तेवढंच, एक कॅम, असं समजून दोन वर्षं मजेत काढली. आता वाटतं, ही सोय फारच स्वस्तात मिळाली होती.

कारण परवा बाबांना ट्रॅक ऐकवला. हेडफोन काढून आधी विचारलं, ‘हें कितें रे?’ मग फाळका ओळखला, खूश झाले. घुमट ओळखलं, ‘शेकलं नाहीस’ म्हणाले. नगारा आला तेव्हा गप्प झाले. शेवटी म्हणाले, ‘फाळको म्हजो, बडय जाय तितलें. नगारो देवाचो. ताका विचारलां?’ (फाळका माझा, हवं तेवढं बडव. नगारा देवाचा. त्याला विचारलंस?)

मी म्हटलं समितीला विचारतो. ते म्हणाले, समिती पट्ट्याची मालक, आवाजाची नव्हे. कौल लाव.

म्हणजे ज्याच्यावर माझा विश्वास उरलेला नाही, त्याच्याकडून मला सॅम्पल क्लिअरन्स, म्हणजे आवाज वापरायची परवानगी, घ्यायचा आहे. तुम्ही हसाल, मीही हसलो. पण हसून झाल्यावर त्या रात्री प्रोजेक्ट उघडला आणि नगाऱ्याचा फेडर (आवाज वाढवायची पट्टी) वर ढकलताना हात अवघडला. विश्वास नसता तर तो अवघडला नसता. की सवयच ती, चप्पल बाहेर काढण्यासारखी? बंद देवळाच्या सभामंडपात दोन फळ्या आपटून घेतलेला रिव्हर्बही, म्हणजे तिथला घुमारा, या ट्रॅकवर आहे. तो देवाचा की गवंड्याचा, हे मी बाबांना मुद्दामच विचारलेलं नाही.

सोमवारी सकाळी जायचं ठरलंय, शिफ्ट बदलून घेतली आहे. तोवर दोन मिक्स तयार केले. एकात नगारा आहे, दुसऱ्यात त्याच्या जागी पॉवर प्रेसचा ठोका, आमच्याच शॉपमध्ये परवानगीने घेतलेला, घड्याळासारखा नेमका. नेमका आहे हीच त्याची खोट. दर चौथा ठोका वीस मिलिसेकंद मागे ओढून बघितला, तरी तो मुद्दाम लंगडल्यासारखाच वाटतो. मास्टरिंग दोन्हींचं उणे १४ लफ्सवर (लफ्स म्हणजे आवाजाच्या जोराचं माप).

फाइलींना नावं दिली आहेत ‘उजवा’ आणि ‘डावा’. काल एका मित्राला दोन्ही पाठवल्या. त्याचं उत्तर आलं: दोन चॅनल वेगवेगळे कशाला पाठवलेस, स्टिरिओ फाइल नाही का?