शाडूच्या मूर्तीचं बुकिंग

आज दिवसभर कारखान्यात बुकिंगचे फोन. पहिला प्रश्न ठरलेला, "केवढ्याला?" सरळ आकडा सांगितला की गिऱ्हाईक पीओपीच्या भावाशी तुलना करून मोकळं! आधी मखराची आतली उंची आणि पाटाची रुंदी विचारा. दीड फुटाच्या मखरात पाट आणि वरची माळ धरली तर बारा इंचांचीच मूर्ती नीट बसते. मापाचं बोलणं सुरू झालं की भावाची घासाघीस निम्मी होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पूर्ण मूर्तीचा, एक डोळ्यांच्या आखणीचा अगदी जवळून. खरं तर आखणी बघूनच लोक ठरवतात. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, पिवळ्या दिव्याखाली अंगाचा रंग भलताच येतो आणि मूर्ती नेताना वाद होतात. शेजारी मोजपट्टी हवीच.

"विरघळते का?" याला व्हिडिओ दाखवा. पूर्ण वाळलेल्या शाडूचा तुकडा बादलीत टाकायचा. ओलसर टाकलात तर गोळा तसाच बसून राहतो आणि हसं होतं. ऑइलपेंटचा थर असला तर पाणीच आत शिरत नाही.

पावतीवर उंची, सोंड डावी की उजवी, पितांबराचा रंग, फेटा की मुकुट, सगळं लिहा. आगाऊ रक्कम घ्याच.

आषाढ संपला की नवी ऑर्डर नको. पावसाळी हवेत शाडू वाळत नाही. घाईने पंखा लावला की कान-बोटं आधी सुकतात, पोट ओलंच राहतं आणि सांध्याला चीर जाते. तेव्हा आलेल्यांना तयार मूर्तींतूनच निवडायला सांगा.