ॲडिस्कोम्बची शाळा शोधताना

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित जमिनीची मोजणी निघाली, तेव्हा तात्यांनी भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या टिपणाची नक्कल काढली आणि तिचा फोटो मला इकडे लंडनजवळ क्रॉयडनला पाठवला. बांध नेमका कुठून जात होता एवढाच त्यांचा प्रश्न होता. माझ्या डोक्यात मात्र दुसराच किडा शिरला. टिपणावरची मापं फुटांत नव्हती आणि मीटरांत तर नव्हतीच. ती होती साखळी-आण्यांत. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण ही साखळी आमच्या शिवारात पहिल्यांदा ओढली कुणी, आणि ओढणाऱ्याला ती विद्या शिकवली कुणी?

पहिलं उत्तर लवकर मिळालं. १८३५ मध्ये गोल्डस्मिड नावाचा तरुण मुलकी अधिकारी इंदापूरला आला. त्याच्या जोडीला विंगेट आणि नॅश हे दोन लष्करी लेफ्टनंट. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने इथे शेतसारा बसवला होता. हा प्रिंगल हेलीबरीच्या, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी तयार करणाऱ्या कॉलेजात अर्थशास्त्रज्ञ माल्थसच्या हाताखाली शिकलेला हुशार माणूस. जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यायचा, असा त्याचा हिशेब. कागदावर चोख, शेतात बिनकामाचा. सारा इतका चढला की लोक जमिनी टाकून गेले. गोल्डस्मिड आणि विंगेटने सिद्धांत बाजूला ठेवला, नव्याने मोजणी केली, जमिनीची प्रत आण्यांत लावली आणि दर तीस वर्षांसाठी बांधून दिले. १८४७ मध्ये दोघांनी कॅप्टन डेव्हिडसनसह जो संयुक्त अहवाल लिहिला, तोच पुढे मुंबई इलाख्याच्या पाहणीचा कायदा ठरल्यासारखा झाला. सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर हा त्याच मोजणीचा वारसा.

गोल्डस्मिडही हेलीबरीचाच. विंगेट मात्र बॉम्बे इंजिनिअर्सचा, आणि त्या काळात कंपनीच्या इंजिनिअर दलात शिरायची वाट ॲडिस्कोम्बच्या लष्करी शाळेतून जायची. हे वाचलं आणि मी हसलेच. ॲडिस्कोम्ब माझ्या घरापासून पायी जाण्याइतकं जवळ. रोज त्याच नावाचा ट्रामचा थांबा पाहत होते.

शाळेची थोडक्यात हकिकत अशी. १८०९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने क्रॉयडनजवळचा एक जुना वाडा विकत घेतला आणि आपल्या फौजेसाठी पोरं तयार करायला तिथे शाळा काढली. चौदा-पंधरा वर्षांची मुलं, साधारण दोन वर्षांचा अभ्यास. गणित, किल्लेबंदी, भूमापन, नकाशे काढणं आणि हिंदुस्थानी भाषा. किल्ल्यांच्या प्रतिकृती वाळूत करून वेढ्याचे धडे देत. हिंदुस्थानी शिकवायला जॉन शेक्सपिअर नावाचे प्राध्यापक होते (नाटककाराशी गल्लत नको). विज्ञान शिकवायला विल्यम स्टर्जन, म्हणजे विद्युतचुंबक बनवणारा तोच स्टर्जन. मराठी त्या अभ्यासात नव्हती, ती इकडे आल्यावर शिकायची. शाळेचं अधिकृत नाव ‘मिलिटरी सेमिनरी’. सेमिनरी म्हटलं की पाद्र्यांची शाळा डोळ्यांपुढे येते, म्हणून मुलांना ते नाव मुळीच आवडत नसे. कंपनीने १८५५ मध्ये ते बदललं खरं, पण तोवर शाळेचे दिवस भरत आले होते.

परीक्षेत वरचे नंबर आले की इंजिनिअर दल, त्याखालचे तोफखान्यात, उरलेले पायदळात. आपल्याकडे अजूनही मेडिकल, इंजिनिअरिंग आणि मग बाकीचं अशी उतरंड असते, तशीच. पन्नासेक वर्षांत सुमारे ३,६०० मुलं इथून बाहेर पडली. गंगेचा कालवा काढणारा प्रोबी कॉटली, गोदावरीवर बंधारा घालणारा आर्थर कॉटन, पंजाबातला हेन्री लॉरेन्स, पुढे सरसेनापती झालेला रॉबर्ट्स, हे सगळे इथलेच. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर बॉम्बे इंजिनिअर्सची नावं घेतली की पुरे. खडकवासल्याच्या धरणाचा फाइफ, मुंबईच्या उच्च न्यायालयाचा फुलर, मुंबईचं जुनं सचिवालय आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज बांधणारा विल्किन्स. शाळेची गोष्ट लढायांच्या अंगाने पुष्कळदा सांगितली जाते. मला विचाराल तर तिची खरी कमाई पाणी, दगड आणि साखळी यांतच आहे.

१८५७ नंतर कंपनी बुडाली, तिची फौज राणीच्या फौजेत गेली आणि १८६१ मध्ये शाळा बंद झाली. दोन वर्षांनी जमीन ब्रिटिश लँड कंपनीने ३३,६०० पौंडांना घेतली. वाडा पाडला, प्लॉट पाडले, रस्ते आखले. म्हणजे भूमापन शिकवणाऱ्या शाळेचीच मोजणी होऊन तुकडे विकले गेले. रस्त्यांना नावं दिली औटरम, हॅवलॉक, एल्गिन, कॅनिंग आणि क्लाइड अशी. गंमत म्हणजे या पाचांपैकी एकही इथला विद्यार्थी नाही. औटरमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, म्हणून त्याची तरी आपल्याला ओळख. ज्या पोरांनी इथे वाळूचे किल्ले रचले त्यांच्यापैकी कुणाचं नाव एखाद्या गल्लीला द्यायला काय हरकत होती, कळत नाही. शाळेच्या काळातलं जे उरलंय ते म्हणजे क्लाइड रोडच्या कोपऱ्यावरची दोन घरं आणि हॅवलॉक रोडवरची व्यायामशाळा. व्यायामशाळेत आता फ्लॅट आहेत. मी तिथे रेंगाळत होते, तेव्हा एक बाई वाणसामानाच्या पिशव्या घेऊन आत गेल्या आणि ‘काही हवंय का’ अशा नजरेने बघत दार लावून घेतलं. बरोबरच आहे, कुणाच्या दारात उभं राहून भिंतीचे फोटो काढले तर दुसरं काय होणार?

जागेवर काही हाती लागणार नाही हे दिसलं, तेव्हा कागदांकडे वळले. माजी विद्यार्थी असलेल्या कर्नल व्हायबर्टने १८९४ मध्ये या शाळेचा जाडजूड इतिहास लिहिला. तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो, म्हणून सुरुवात तिथून करावी. अभिमानाने ऊर भरून लिहिलेलं पुस्तक आहे, तेव्हा स्तुती गाळून वाचायची सवय लागते. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’च्या संकेतस्थळावर आडनाव टाकून शोधता येतं, तेही मोफत.

मूळ कागद मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. इंडिया ऑफिसचं, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या सरकारी खात्याचं दप्तर तिथे आहे, शेल्फ एकापुढे एक लावले तर चौदा किलोमीटर भरतील एवढं. आत जायला रीडर पास लागतो. पैसे पडत नाहीत, पण दोन अस्सल कागद न्यावे लागतात. एकावर तुमची सही हवी, दुसऱ्यावर घरचा पत्ता. सहीला आपला पासपोर्ट चालतो, पत्त्याला मी बँकेचं स्टेटमेंट नेलं. झेरॉक्स नेऊ नका. काउंटरवरच्या माणसाने काय शोधताय विचारलं. मी म्हटलं, ‘आमच्या शेताचा बांध कुणी मोजला ते.’ त्याने मान वर करून पाहिलं आणि विषयाच्या रकान्यात काय लिहायचं ते माझ्यावरच सोडलं.

पास मिळाला की पर्स, कोट, पाण्याची बाटली सगळं तळमजल्याखालच्या लॉकरमध्ये. हातात राहते ती पारदर्शक पिशवी, त्यात वही, फोन आणि पेन्सिल. पेन नाही म्हणजे नाही. तिसऱ्या मजल्यावर आशियाई आणि आफ्रिकी विभागाची खोली आहे, भिंतींवर मोठमोठी जुनी चित्रं. कागद आधी मागवून ठेवायचे, आयत्या वेळी गेलात तर बसून राहावं लागतं. त्यासाठी वर्गाची खूण माहीत हवी. हेलीबरीचं दप्तर ‘जे’ या अक्षराखाली, ॲडिस्कोम्बची भरती लष्करी खात्याच्या ‘एल-एमआयएल-९’मध्ये. बहुतेक कागदांचे फोटो आपल्या फोनने काढू देतात, फ्लॅश न लावता.

विंगेट ज्या सुमारास भरती झाला त्या वर्षांचे गठ्ठे मी मागवले. एकेका मुलामागे कागदांचा छोटा संच. कंपनीच्या डायरेक्टरची शिफारस असल्याशिवाय प्रवेशच नाही, म्हणून पहिला छापील फॉर्म त्याचा. त्याच्यासोबत या शिफारशीसाठी पैसे दिले-घेतले नाहीत अशी ग्वाही. ही ग्वाही छापूनच घ्यावी लागत होती, यावरून काय समजायचं ते समजावं. मग बाप्तिस्म्याचा दाखला, आपल्याकडे जन्मतारखेला शाळा सोडल्याचा दाखला जोडतात तसा. मग मास्तरांचं पत्र, मुलगा अंकगणितात बरा, वागणूक चांगली. स्कॉटलंडमधल्या एका पोराच्या संचावर मी फार वेळ थांबले. दाखला चर्चच्या कारकुनाने घाईत खरडलेला, मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं, आणि फॉर्मच्या तळाशी मुलाची स्वतःची सही. आडनाव लांब असल्यामुळे शेवटची अक्षरं कडेला दाटीवाटीने बसवलेली. चौदा वर्षांचा होता तो. पलटण मुंबईची.

पहिल्यांदा जाणाऱ्याने एक लक्षात ठेवावं, या संचांत अभ्यासाचं फारसं काही नसतं. मुलगा कुणाचा, कुणाच्या वशिल्याने आला, हे कळतं. काय शिकला हे बघायला शाळेची परीक्षेची दप्तरं वेगळी मागवावी लागतात, आणि विंगेटसारख्याने पुढे काय केलं ते तिथे नाहीच. त्यासाठी मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आणि पुण्याचं पेशवे दफ्तर. इंदापूरच्या सुधारित आकारणीत १८६७ मध्ये सारा पुन्हा चढला, १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्याच सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला. कर्जाचा धोका विंगेटने १८५२ मध्येच लिहून ठेवला होता, आणि दंग्याची चौकशी झाली तेव्हा त्याच्या लिहिण्याचा दाखला दिला गेला. हा भाग मी अजून वाचतेय.

कुणाला प्रिंगलच्या बाजूने शोध घ्यायचा असेल तर त्यालाही हाच पास, हीच खोली, फक्त मागणी ‘जे’ वर्गाची. हेलीबरीचं कॉलेज १८५८ मध्ये बंद पडलं, पण इमारत शाबूत आहे. हर्टफर्डजवळ आज तिथे दुसरी शाळा भरते, तेव्हा बघायला जायचं तर आधी विचारून जावं.