दुष्काळ संपल्यावरही

"धान्यासाठी गेले असतील आमचे पणजोबा. पण दुष्काळ सरला, मिशनची खिचडी बंद झाली, तरी ते परत का नाही फिरले, हे विचार की!"

शेजारच्या काकू नगरकडच्या, ख्रिस्ती. मी सहज विषय काढला होता, 1876-78 च्या दुष्काळाचा, आणि तेव्हा लोक धान्यासाठी ख्रिस्ती झाले म्हणतात, त्याचा. काकू मेथी निवडत होत्या. हे बोलताना हात थांबला, पुन्हा चालू. मग म्हणाल्या, "मिशनचा साहेब पंगतीत शेजारी बसून जेवला. गावात कोण बसायचं?"

तेवढ्यात नातू आतून आला. तो चर्चला जात नाही. "आईसाठी सगळ्यांनी प्रार्थना केली, तरी गेलीच ना? आणि पंगतीचं काय सांगतेस आजी, लग्न जुळवताना आपल्यातही जात बघतातच!" काकूंनी त्याला रागावलं नाही. उलट म्हणाल्या, "खरंय त्याचं."

दिवसभर तेच डोक्यात. कवी नारायण वामन टिळकांना येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने खेचलं, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी नवऱ्यामागोमाग लगेच उडी मारली नाही, त्यांचा बाप्तिस्मा 1900 चा. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मही पारखला, चर्चमध्ये शिरलेली जात दाखवून दिली आणि 1956 मध्ये बुद्धाकडे गेले.

यातल्या कुणालाच 'फसले' म्हणून मोकळं होता येत नाही. आपण मात्र होतो, चहा संपायच्या आत! नातवाचा पहिला प्रश्न तर कुठल्याही देवाला लागू आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

दुसऱ्याबद्दल विचारतो: तुमच्याकडच्या चर्चमध्ये जातीवर उघड बोलतं का कुणी?