डिकीतला सबवूफर: पेटीचे माप आणि तारेची जाडी

गाडीत सबवूफर, म्हणजे केवळ खालचे सूर (बेस) वाजवणारा मोठा स्पीकर, बसवायचा विचार मनात आला की बहुतेक जण सर्वप्रथम वॉटचे आकडे पाहू लागतात. घरी स्वतः ही यंत्रणा उभी केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की बेसचा दर्जा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: पेटीच्या आत किती हवा मावते आणि बॅटरीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणारी तार किती जाड आहे. या दोहोंचा हिशेब करवत हातात घेण्यापूर्वी कागदावर पुरा करता येतो.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोर हवेचा दाब वाढतो आणि मागे तेवढाच कमी होतो. 40 हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर असते, त्यामुळे मागची लहर सहज वळून पुढे येते आणि दोन्ही लहरी एकमेकींना खोडून काढतात. पेटी मागच्या लहरीला कोंडते; शिवाय कोंडलेली हवा पडद्याच्या मागे स्प्रिंगसारखी वागते. पेटी लहान असेल तर ही हवा ताठ होते आणि बेस खोल उतरण्याऐवजी ठराविक पट्टीत घुमू लागतो. ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी 1970च्या दशकाच्या आरंभी जे गणित मांडले, त्याच्याच आधारे आज स्पीकरच्या माहितीपत्रकात एफएस (मोकळ्या स्पीकरची नैसर्गिक कंपनसंख्या), क्यूटीएस (त्याची कंपने किती आवरली जातात याचे माप) आणि व्हीएएस (पडद्याच्या टांगणीइतकीच लवचिक असणारी हवा, लिटरमध्ये) हे आकडे छापले जातात.

उदाहरणादाखल 10 इंची स्पीकर घेऊ: एफएस 30 हर्ट्‌झ, क्यूटीएस 0.45 आणि व्हीएएस 45 लिटर. व्हीएएसला पेटीच्या आकारमानाने भागावे, त्यात 1 मिळवून वर्गमूळ काढावे आणि त्याने क्यूटीएसला गुणावे. 31 लिटरच्या बंद पेटीसाठी उत्तर जवळपास 0.7 येते आणि तेच सर्वांत सपाट, संतुलित बेसचे माप मानले जाते. त्याच वर्गमूळाने एफएसला गुणले की पेटीसह स्पीकरची नैसर्गिक कंपनसंख्या मिळते. येथे ती सुमारे 47 हर्ट्‌झ. स्पीकर स्वतः आत दोनेक लिटर जागा व्यापतो, म्हणून आतले माप 33 लिटरचे, म्हणजे 40 गुणिले 30 गुणिले 27.5 सेंटिमीटर ठेवावे लागते. हेच आकडे चुकून बाहेरची मापे म्हणून धरले, तर 18 मिलिमीटर जाडीच्या एमडीएफमुळे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीमुळे) आत केवळ 23 लिटर उरतात, स्पीकर बसल्यावर 21. आणि सगळे गणित बिघडते.

47 हर्ट्‌झचा आकडा पाहून निराश होण्याचे कारण नाही. बंद पेटीचा आवाज या बिंदूखाली दर सप्तकाला 12 डेसिबलच्या उताराने घटत जातो, परंतु बंद गाडीच्या छोट्या पोकळीत खालच्या फ्रिक्वेन्सीचा दाब साधारण त्याच प्रमाणात वाढत जातो. गाडीच्या आतली लांबी अडीच मीटर धरली तर ही वाढ सुमारे 70 हर्ट्‌झच्या खाली सुरू होते. धातूची गाडी पूर्ण हवाबंद नसते, त्यामुळे प्रत्यक्ष लाभ गणितापेक्षा कमी मिळतो, तरीही तो स्पष्ट ऐकू येतो. पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करण्याचे नळीसारखे भोक, असलेली पेटी अधिक मोठा आवाज देते हे खरे. मात्र तिच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीखाली पडद्याला हवेचा आधार राहत नाही आणि तो बेलगाम हलू लागतो. म्हणून गाडीसाठी मी बंद पेटीच पसंत करतो.

सुतारकामाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. स्क्रूसाठी आधी बारीक भोके पाडावीत, नाहीतर एमडीएफ कडेला फाटते. प्रत्येक सांध्याला भरपूर फेव्हिकॉल लावावा आणि तो वाळल्यावर आतून सिलिकॉन सीलंट फिरवावा.

तारेचा हिशेब मात्र सावकाश करावा. 500 वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या शक्तीचा) क्लास-डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा, अ‍ॅम्प्लिफायर 80 टक्के कार्यक्षम धरला, तर तो पूर्ण भारावर 625 वॉट ओढतो, 13.8 व्होल्टला हा प्रवाह सुमारे 45 अँपिअर होतो. बॅटरी पुढे आणि डिकी मागे असल्याने पाच मीटर तार लागते. 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एवढ्या प्रवाहाला साधारण 0.65 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, तर 16 चौरस मिलिमीटरच्या तारेत 0.24 व्होल्ट. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा रोध त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या तारेपेक्षा सुमारे दीडपट असतो, म्हणून स्वस्त संच घेताना तार कशाची आहे हे अवश्य तपासावे.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून 45 सेंटिमीटरच्या आत असावा, कारण तो मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी असतो: तार कुठे घासून चेसिसला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) टेकली, तर फ्यूजच्या अलीकडचा भाग पूर्णतः असुरक्षित राहतो. इंजिनमागच्या पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेपासून तार वाचवणारे कडे) हवेच. अर्थची तार तितकीच जाड, शक्य तितकी आखूड आणि रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर घट्ट बसवलेली असावी. एक फॅरडचा कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा घटक) लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो एक व्होल्ट खाली येईपर्यंत 45 अँपिअरचा प्रवाह सेकंदाचा पंचेचाळिसावा भाग एवढाच वेळ पुरवू शकतो. तेच पैसे जाड तारेवर खर्च करणे मला अधिक योग्य वाटते.

दुहेरी कॉइलच्या (पडदा हलवणारी तारेची दोन वेटोळी असलेल्या) स्पीकरमध्ये चार-चार ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या तर दोन ओहम आणि एकापुढे एक जोडल्या तर आठ ओहम मिळतात. अ‍ॅम्प्लिफायर किमान किती ओहमला चालतो हे पाहूनच जोडणी निवडावी. लो-पास फिल्टर (केवळ खालचे सूर सबवूफरकडे जाऊ देणारी चाळणी) आरंभी 80 हर्ट्‌झवर ठेवावा.

गेनचा नॉब (अ‍ॅम्प्लिफायरवरचे फिरवायचे बटण) आवाज वाढवण्यासाठी नसतो. स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायरचा मेळ घालणे हे त्याचे काम आहे. सबवूफरची तार काढून, बेस बूस्ट बंद करून, स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवावा आणि 50 हर्ट्‌झचा शुद्ध सूर वाजवावा. दोन ओहमच्या जोडणीसाठी 500 वॉटला दोन ओहमने गुणून वर्गमूळ काढले की 31.6 येतात, मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर एवढे व्होल्ट दिसले की गेन तेथेच थांबवावा. त्यापुढे गेल्यास लहरीचे माथे छाटले जाऊ लागतात आणि कॉइल तापते. शेवटी स्पीकर जोडून फेजचा स्विच (सबवूफरची लहर उलटी करणारा) 0 आणि 180 अंशांवर आलटून पालटून पाहावा व चालकाच्या आसनावर ज्या स्थितीत बेस भरीव लागेल, ती कायम ठेवावी.